शेवटचा पट्टा

पौषातल्या सकाळी आमच्या नंदुरबारच्या वेशीबाहेर ऊन पहिल्यांदा उतरते ते मिरचीवर. मिरची वाळत घालायचे, रात्रभर दवात भिजलेले पथारीचे मैदान तोवर मंद, जांभळट तांबडे असते. मग पूर्वेकडून एकेक पट्टा उजळत जातो आणि ओलसर, तिखट, किंचित गोड असा वास जमिनीवरून उठून नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो. बाहेरगावचा माणूस इथे आला की आधी शिंकतो, मग ठसकतो आणि डोळे पुसत विचारतो, की तुम्ही इथे राहता कसे. आम्ही हसतो. बावीस वर्षांत मला तो वास जाणवेनासा झाला आहे; सुटीच्या दिवशी तो नसला, की मात्र काहीतरी घरी विसरून आल्यासारखे वाटत राहते.

या मिरचीच्या कारखान्यात मी नियमांचा माणूस आहे. दूरच्या मुख्य कार्यालयातले लोक माझ्या कामाला ‘कम्प्लायन्स’ म्हणतात. पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया मला ‘नियमवाला भाऊ’ म्हणतात, आणि मला हे दुसरे नाव अधिक आवडते. डोक्याला टोपी आहे का, हात धुतले का, हे सगळे मी पाहतो; पण मुख्य काम ओलीचे. वाळत घातलेल्या मिरचीचे चौदा पट्टे, आणि प्रत्येकाची ओल यंत्राने रोज दोनदा मोजून वहीत लिहायची. मिरची वरून लखलखीत दिसते आणि आत ओल धरून बसते. त्या ओलीत बुरशी धरते, आणि तशीच दळली गेली तर ती कुणाच्या तरी ताटात जाते. मुकादम हिरामण आबा ओल मोजून लिहितात आणि खाली ‘तपासले’ अशी सही मी करतो.

हिरामण आबा माझे गुरू, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मी नवा होतो तेव्हा ओल मोजायचे यंत्र आलेले नव्हते. आबांनी एक वाळकी मिरची माझ्या कानाशी धरून हलवली होती. आतल्या बिया खुळखुळल्या. मग दुसरी हलवली, ती मुकी राहिली. बोलते ती वाळली, गप्प बसते तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढाच त्यांचा पहिला धडा. पुढे यंत्र आले, वही आली, मी साहेब झालो. आबा मात्र अजूनही यंत्र लावण्याआधी एक मिरची कानाशी नेतात.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहून चष्मा काढून ठेवला, तेव्हाच मी काय ते समजलो. त्यांनी गोळ्या दिल्या, रोज पाऊण तास चालायला सांगितले आणि माघात पुन्हा तपासू म्हणाले. माझ्या पत्नीने, सुमनने, त्या दिवसापासून ही गोष्ट फार मनावर घेतली. तिचा थोरला भाऊ याच आजारात एक पाऊल गमावून बसला आहे. त्याची पट्टी बदलणारे हात तिचेच होते. तिने मला पांढऱ्या तळव्यांचे बूट आणले, आणि एक वही आणली. रोज किती चाललो ते तिच्यात लिहायचे. नियमवाल्या माणसाला वहीशिवाय दुसरे काही समजणार नाही, हे तिने बरोबर ओळखले होते.

मी पहाटे बूट घालून धानोऱ्याच्या रस्त्याला लागायचो खरा. पण कोपऱ्यावरच्या टपरीवर शेकोटी असे, ओळखीचे चार जण असत, आणि बिनसाखरेचा चहा तिथे कुणी करतच नसे. घरी येऊन मी वहीत पंचेचाळीस मिनिटे लिहायचो. कधी त्रेचाळीस, कधी सत्तेचाळीस. रोज सारखाच आकडा दिसला की खोटेपणा उघडा पडतो, हे मला धंद्यानेच शिकवले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या पकडल्या, त्या विद्येचा असा उपयोग मी स्वतःच्या घरात करत होतो.

खरे सांगायचे तर शरीर आणि कारखाना यांच्यातले साम्य तेव्हा मला गमतीचे वाटे. तपासनीस येणार म्हटले की चार दिवस आमचा कारखाना कसा सोवळ्यात वावरतो. प्रत्येक टोपी डोक्यावर, प्रत्येक झाकण जागेवर. मीही रक्त तपासायला द्यायच्या आधी चार दिवस जिलबीकडे पाहत नसे. पण डॉक्टरांची नवी तपासणी म्हणे तीन महिन्यांची साखर एकदम सांगते. तिला चार दिवसांचे सोवळे फसवू शकत नाही. हे मी सुमनला हसत हसत सांगितले. ती हसली नाही.

ती त्या संध्याकाळी ओट्यावर बसून माझे बूट पाहत होती. आमच्या भागातली काळी माती कुणाला सोडत नाही. शेताच्या बांधावर नुसते उभे राहिले तरी ती तळव्यांच्या खाचांत जाऊन बसते. सुमनने बूट उलटा केला, त्याच्या पांढऱ्या तळव्यावरून बोट फिरवले आणि शांतपणे म्हणाली, “वहीमा दीड महिना चालनात तुम्ही. बूटसवर धूळ बी नही शे.”

ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. पण तिने बूट पुन्हा जागेवर ठेवले आणि भाकरी थापायला आत गेली. तिच्या भावाचा एकटा बूट त्यांच्या घरी दाराआड कसा पडून असतो, ते मला त्या क्षणी आठवले आणि मनातून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो नाही. उजाडता उजाडता कारखान्यावर पोचलो आणि पथारीवरूनच चालायला लागलो. पहिल्या पट्ट्यापासून चौदाव्यापर्यंत, पार कुंपणाच्या बाभळीपर्यंत. बऱ्याच दिवसांनी तिकडे गेलो होतो. शेवटच्या पट्ट्याचा वास निराळा होता, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा. मी कोपरापर्यंत हात आत खुपसला. आत मिरची कोमट आणि मऊ होती. चार-पाच फोडल्या, तर बियांवर पांढुरकी साय धरलेली. एक कानाशी हलवली. ती गप्प होती.

परत येऊन वही उघडली. आमच्या वहीला एक खूण असते, ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. मिरचीत हात घालून आलेला माणूस पान उलटतो तेव्हा कोपऱ्यावर त्याच्या बोटाचा तांबडा ठसा उमटतो. सकाळ-दुपारच्या फेरीत शेवटचा पट्टा सर्वांत शेवटी येतो, म्हणून त्याची पाने वहीच्या मागे, वेगळी. तिथे अकरा दिवसांचे आकडे होते, कधी दहा टक्के, कधी साडेदहा, छान वळणदार. कोपरे मात्र पांढरे स्वच्छ होते, घरी जाताना हात धुऊन भरल्यासारखे. आणि त्या प्रत्येक पानाखाली ‘तपासले’ म्हणून माझी सही होती.

आबांना बोलावले. ते सावकाश, एक हात मांडीवर दाबत आले, आणि तेव्हा कुठे मला दिसले की हा माणूस कित्येक दिवस असाच चालतो आहे. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी काही लपवले नाही. “भाऊ, मन्हा गुडघा माले तठलोंग जाऊ देस नही,” ते कुंपणाच्या बाभळीकडे बोट करत म्हणाले. “सांगतू, तर तुम्ही माले घर बसाडतात.”

ती भीती खोटी नव्हती. खोट्या नोंदीला आमच्याकडे एकच शिक्षा, आणि तिचे पत्र आजवर मीच टाइप करत आलो. आबांना घरी बसवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. पथारी नसलेल्या हिवाळ्यात त्यांनी काय करावे हे त्यांनाही सांगता आले नसते. पण पट्टा सडला होता, आणि तो दळला गेला असता. मी दुपारभर अहवालापुढे बसून राहिलो. शेवटी जसे होते तसे लिहिले: मुकादमांनी अकरा दिवस शेवटचा पट्टा न मोजता आकडे भरले, तपासणाऱ्याने अकरा दिवस तिथे न जाता सह्या केल्या. दोघांची नावे एकाखाली एक. उपाय म्हणून लिहिले की पहिले सात पट्टे मुकादम मोजतील, पुढचे सात तपासणारा स्वतः.

पट्टा उचलून खड्ड्यात पुरला. आठ दिवसांनी मुख्य कार्यालयाचे उत्तर आले. मला लेखी ताकीद मिळाली, आबांना या हंगामापुरते ठेवले. पुढच्या हंगामाचे नंतर पाहू, असे त्यात होते. आबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, घडी करून टोपीत ठेवले आणि यंत्र घेऊन पहिल्या पट्ट्याकडे निघाले.

आता मी रोज दोनदा बाभळीपर्यंत जातो. बुटांचे तळवे तांबडे-काळे झाले आहेत. सुमन ते दारातच काढायला लावते. माघातली तपासणी अजून व्हायची आहे. दीड महिना शेकोटीशी घालवलेला आहे, तेव्हा आकडा काही फार प्रेमळ येणार नाही.

परवा सही करायला वही घेतली, तर पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पट्ट्यापुढे आकडाच नव्हता. तिथे आबांच्या जाड अक्षरात, त्यांच्याच बोलीत लिहिले होते: “आज गयथू नही. गुडघा दुखस.” कोपऱ्यावर तांबडा अंगठा. मुख्य कार्यालयात हे वाचून कुणीतरी भुवया उंचावणार, हे मला माहीत होते. तरी मी ते प्रमाण मराठीत केले नाही, खोडलेही नाही. त्या तीन पट्ट्यांवर मी स्वतः जाऊन ओल मोजून आलो. इतक्या वर्षांत पाहिलेल्या वह्यांमध्ये याच्याइतकी खरी नोंद मी पाहिली नव्हती.

काल मला कणकण होती, म्हणून सुटी घेऊन घरीच पडून राहिलो. संध्याकाळी माझी चालण्याची वही उघडली, सवयीने ‘पंचे’ एवढे लिहिले, मग ते खोडून पुढे लिहिले, “आज गेलो नाही.” सुमन दिवा लावून आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली. तिने मागची पाने उलटली, तो सगळा सुबक दीड महिना. मग पुन्हा त्या खोडलेल्या ओळीवर आली. तिथे तिचे बोट बराच वेळ थांबले. मग तिने वही मिटली आणि माझ्या पायांवर पांघरूण ओढले, दोन्ही पावले नीट झाकली जातील असे.