पाणबुडी पास कोणी करायची

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी रांधा गावातल्या एका शेततळ्यात आमची पाणबुडी पहिल्यांदा पाण्याखाली गेली. पाणबुडी म्हणजे हातभर लांबीचे, रिमोटवर चालणारे मॉडेल. सुट्या भागांचा संच मागवून माझ्या नवऱ्याने आणि मी ते सिल्वासातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जोडले होते. असे काही जोडण्याची आमची दोघांचीही पहिलीच वेळ होती. काठावर आम्ही दोघे, सासूबाई आणि तळ्याचा मालक एवढीच माणसे होती. मालक नवऱ्याच्याच कारखान्यात काम करतो.

हा कारखाना खडोलीत आहे. तिथे प्लास्टिकचे कॅन तयार होतात आणि नवरा गुणवत्ता तपासनीस आहे. प्रत्येक लॉटमधले काही कॅन उचलायचे, त्यांत हवा भरायची, पाण्याच्या टाकीत दाबून धरायचे आणि बुडबुडा येतो का ते पाहायचे, हे त्याचे काम. बुडबुडा आला नाही तर तो सही करतो. सहीशिवाय लॉट गेटबाहेर जात नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने सही केलेल्या एका लॉटमधले कॅन ग्राहकाकडे तेल भरल्यावर गळले. उरलेला माल परत आला. चौकशी होईपर्यंत नवऱ्याला डिस्पॅचमध्ये बसवले गेले. कारखान्यात याला 'सही काढून घेतली' असे म्हणतात.

कॅन का गळले याची दोन कारणे माझ्या कानावर आली. झाकणातला वॉशर त्या महिन्यात बदलला होता, हे एक. ग्राहकाने कॅन प्रमाणाबाहेर एकावर एक रचले होते, हे दुसरे. दोन्हींपैकी एकालाही मला दुजोरा मिळाला नाही. दिवाळीच्या सुटीनंतर व्यवस्थापकांनी नवऱ्याला बोलावले आणि चूक तपासणीची नव्हती, सहीचे काम परत हाती घ्या, असे सांगितले. नवऱ्याने विचार करायला वेळ मागितला. दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस घेतो, असे उत्तर आले. घरी येऊन त्याने हे सगळे एका दमात सांगितले आणि गॅलरीत पाणबुडीपाशी जाऊन बसला.

संच त्याने नवरात्रात मागवला होता. डिस्पॅचमध्ये दुपारी फारसे काम नसे. तिथे बसून तो फोनवर परदेशातल्या तळ्यांत पोहणाऱ्या पाणबुड्यांचे व्हिडिओ पाहत असे. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि अक्षरे बारीक. मी ठाण्यात एका मराठी दैनिकाच्या संपादकीय डेस्कवर बरीच वर्षे होते, आता घरून शालेय पुस्तके तपासते. त्यामुळे वाचून मराठीत सांगणे माझ्याकडे आले आणि हात त्याचे. बाहेरचा सांगाडा दोन अर्ध्या भागांचा होता, त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या होत्या. पांढरी भुकटी आठवडाभर घरात सगळीकडे होती, डाळीच्या डब्यावरसुद्धा.

सांगाड्यात पाणी शिरते, ते शिरायचेच असते. कोरडे राहायला हवे ते आतले पारदर्शक नळकांडे. बॅटरी, मोटर, रिमोटचा संदेश घेणारा भाग आणि पाणी आत-बाहेर करणारा छोटा पंप, सगळे त्यातच असते. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना झाकणे, आणि प्रत्येक झाकणाच्या खाचेत एक रबरी ओ-रिंग. ती रिंग नीट बसली तर पाणबुडी, नाही बसली तर तळाशी गेलेले सामान.

सासूबाई जळगावकडच्या. त्या गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसत.

"काय करून राहिला रे तू?"

"पाणबुडी, आई."

"बुडवायलाच आणली ना? मग पाणी जाईल, पाणी जाईल म्हणून एवढा घोर कशाला?"

"बुडली पाहिजे आणि वरही आली पाहिजे."

"म्हणजे तुझ्या मामासारखी. वर्षवर्ष पत्ता नाही आन् पंगत बसली का हजर."

सिल्वासात बहुतेक घरांत असतो तसा कारखान्यातून आलेला निळा ड्रम आमच्याही गॅलरीत आहे. त्यात पाणी साठवतो. नळकांडे पहिल्यांदा त्या ड्रममध्ये बुडवले तेव्हा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आत टिश्यू पेपर ठेवला होता. आम्ही दोघे ड्रमवर वाकून उभे राहिलो. बुडबुडा आला नाही. उघडल्यावर कागद कोरडा निघाला. मी म्हटले, झाले. त्याने झाकण पुन्हा लावले आणि नळकांडे पुन्हा बुडवले. कागद पुन्हा कोरडा.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच सुरू झाले. कामावरून आला की हातपाय धुवायचे, झाकण काढायचे, रिंग पाहायची, लावायची, बुडवायचे. शिशाचे तुकडे आणि थर्मोकोल इकडेतिकडे चिकटवून पाणबुडी पाण्यात सरळ राहील असा तोल साधायचा होता. तो साधला की त्याला नळकांड्याची शंका यायची आणि सगळे परत सुटे व्हायचे. त्याला बुडबुडे दिसत. "हा बघ," तो म्हणायचा. मी पाहीपर्यंत तिथे काही नसे. फरक त्यानेच मला शिकवला होता: झाकणाच्या कडेला अडकलेली हवा एकदा सुटते आणि थांबते, गळतीचा बुडबुडा त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा येतो. ते मी त्याला ऐकवले. त्याने मान डोलावली आणि झाकण काढले.

हा आजार मला डेस्कवरून माहीत होता. एक चूक छापून गेली की त्यानंतरचे काही दिवस प्रत्येक ओळीत चूक दिसते. बरोबर शब्दही माणूस शब्दकोशात पाहतो, आणि पाहूनही त्याचा विश्वास बसत नाही. पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते म्हणून तो माणूस सुटतो. पाणबुडीला अशी वेळ नव्हती. सहीला मात्र होती.

सोमवार जवळ आला तशी झाकणाची उघडझाप वाढली. गुरुवारी तो म्हणाला, "तू पास कर."

"मी?"

"ज्यानं बनवलं त्यानं पास करायचं नसतं. आमच्याकडे तसंच आहे."

आमच्या डेस्कवरही तसेच होते. ज्याने पान लावले त्याच्या हातात शेवटचे प्रूफ देत नसत. तिथे काय असायला हवे ते त्याला आधीच माहीत असते, म्हणून तो तेच वाचतो. मी हो म्हटले, पण एका अटीवर: माझा निर्णय शेवटचा.

"नापास केलीस तर?"

"तर उघडा."

"आणि पास केलीस तर?"

"तर उघडायची नाही. रविवारी रांध्याला जायचं."

शनिवारी सकाळी मी ड्रमवर वाकले. बराच वेळ पाणी स्तब्ध होते. मग मागच्या झाकणापासून एक बारीक बुडबुडा निघाला. मी थांबले. त्याच जागेवरून दुसरा आला, मग तिसरा. मी म्हटले, "नापास."

त्याचा चेहरा उजळला. "पाहिलंस? मी म्हणतच होतो ना! गळतेय." पावसाळ्यापासून मी त्याचा इतका मोकळा आवाज ऐकला नव्हता.

झाकण काढले. कागदाचा कोपरा ओला होता. ओ-रिंगवर आडवा एक केस बसला होता, काळा आणि लांब. त्याने तो चिमटीत उजेडाकडे धरला.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघू. माझे कधीच पांढरे झाले."

रिंगवर बारीक ओरखडेही होते. वारंवार काढताना टोकदार अवजार लागून पडलेले. मी म्हटले, "हे पहिल्या दिवशी नव्हतं."

"काय?"

"गळती. पहिल्या दिवशी कागद कोरडा होता. दुसऱ्या दिवशीही. ती गळत नव्हती. तुम्ही रोज उघडली म्हणून आता गळतेय."

"मग तपासायचं नाही का?"

"तपासून झालं होतं."

तो रिंग तळहातावर घेऊन बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी ड्रमकडे. तो परत आला तेव्हा संचातली जादाची नवी रिंग काढली, चष्म्याच्या कापडाने खाच पुसली, रिंगला बोटाने ग्रीस लावले आणि झाकण दाबून बसवले. मला म्हणाला, "बघ."

मी पाहिले. कंटाळा येईपर्यंत पाहिले, आणि कंटाळा आल्यावर आणखी थोडे. बुडबुडा आला नाही.

"पास."

त्याचा हात झाकणाकडे गेला आणि मध्येच थांबला. आत जाऊन तो पांढरी टेप आणि मार्कर घेऊन आला. टेपची पट्टी झाकणाच्या सांध्यावर आडवी चिकटवली आणि मार्कर माझ्या हातात दिला. "सही कर. उघडलं तर फाटेल." मी सही केली.

रविवारी रिक्षाने रांध्याला गेलो. पाणबुडीचा खोका सासूबाईंच्या मांडीवर होता. त्या दुसऱ्या कोणाला धरू देत नव्हत्या. तळे प्लास्टिकचा कागद अंथरलेले होते, पाणी हिरवट पण बऱ्यापैकी स्वच्छ. मालकाने खोक्यात डोकावून पाहिले. त्याच्या मराठीला गुजराती वळण आहे.

"भाभी, ही तर रोहूएवढीच आहे ने! मला वाटलं मोठी काय ती वस्तू येणार. तळ्यात कासव आहे हां, सांभाळजो."

नवरा उकिडवा बसला. सांगाड्याची वरची बाजू काढून त्याने टेपवर अंगठा ठेवला.

"एकदा उघडून बघू का?"

"सही कोणाची आहे?"

"तुझी."

"मग?"

त्याने वरची बाजू बसवली आणि पाणबुडी पाण्यावर सोडली. तिने पृष्ठभागावर एक मोठी फेरी मारली. मग त्याने पंप सुरू केला. नाक खाली गेले, पाठोपाठ मधला मनोरा, आणि ती दिसेनाशी झाली. त्याच जागी पाण्यावर बुडबुड्यांचा घोस फुटला.

"अरे गेली!" मालक ओरडला. "बुडबुडा बघ केवढा! वर घे, वर घे!"

नवऱ्याचा अंगठा पाणबुडी वर आणायच्या खटक्यावर होता. तो दाबला नाही. मान पुढे काढून तो फक्त पाण्याकडे पाहत होता. बुडबुडे विरळ झाले, मग एखाददुसरा, मग पाणी सपाट झाले.

"अडकलेली हवा होती," तो म्हणाला. "सांगाड्यातली. थांबली."

"नक्की ने?" मालकाने विचारले.

"थांबली ना."

त्याने पाणबुडी तशीच खाली चालवली. ती कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हते. तो रिमोटची काडी हळूहळू वळवत होता. तळ्याच्या पलीकडच्या काठाजवळ मनोरा वर आला, मग पाठ. मालकाने टाळ्या वाजवल्या आणि कासव घाबरले असेल म्हणाला. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "झालं ना? चला मग घरी, ऊन लागून राहिलं."

नवऱ्याने तिला आणखी तीनदा खाली नेले.

घरी आल्यावर टेप मी कापली. कागद कोरडा होता. सोमवारी त्याने व्यवस्थापकांना होकार कळवला. मंगळवारी पहिल्या पाळीत त्याच्यासमोर तीन लॉट आले. त्याने दोनांवर सही केली आणि तिसऱ्यातल्या एका कॅनचा बुडबुडा थांबेना म्हणून तो लॉट अडवून ठेवला.