सातवीच्या वर्गातली सुरई
बिदरी भांडी काळी करायला नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती एकत्र उकळल्याचा उग्र वास आला की मला चिटगुप्प्याजवळच्या मराठी शाळेतली एक दुपार आठवते. काळ्या धातूत चांदीची नक्षी जडवायच्या बिदरी कामाच्या धड्यासाठी, तिथला शिक्षक म्हणून, मी परदेशातल्या एका संग्रहालयाकडे जुन्या सुरईचं मोठं, स्पष्ट छायाचित्र मागितलं होतं. परवानगी आली, पण अट होती: चित्र फक्त वर्गात, विद्यार्थ्यांनाच दाखवायचं. आयुष्यभर बिदरी घडवलेले शेजारचे अण्णा बातमी ऐकून, कपड्यांना तोच वास घेऊन, धावतच आले. त्यांचे आजोबा काढायचे तसली उलट्या वळणाची वेल आता कुठंच उरली नव्हती, आणि आठवणीतून ती त्यांना जमत नव्हती. "मला कामून न्हाई दाखवायलाव?" त्यांनी विचारलं. मी अट सांगितली. मुख्याध्यापकबाई हसून म्हणाल्या, "अण्णा, चपला काढा न् पहिल्या बाकावर बसा. आजपासून तुम्ही सातवीत." बाईंनी हजेरी घेतली, शेवटी अण्णांचं नाव पुकारलं. "हजर, अक्का!" वर्ग टाळ्यांनी दणाणला. खिडक्या लावल्या, भिंतीवर सुरई उमटली. मी चित्र मोठं करत गेलो, तशी चांदीची वेल पान न् पान दिसू लागली. अण्णा ताडकन उठले. "व्हय, हीच! देठाखालून वळायलीय बघा! काढा रे वह्या!" विद्यार्थी म्हणून बसलेला माणूस तासभर वर्ग शिकवत राहिला. आज तोच वास बिदरच्या एका कारखान्यात आला. त्या वर्गातली एक मुलगी तिथं सुरई घासत होती, आणि काळ्या धातूवरची वेल देठाखालून वळत होती.