पीण्याची कागदी खुर्ची

साताऱ्याहून बंगळूरला निघताना मी मनाशी ठरवलं होतं, की या खेपेला कुणाचं काही मोडायचं नाही. मागच्या खेपेला धाकट्या बहिणीचा, कुसुमचा, मिक्सर मी दुरुस्त केला होता. त्यानंतर त्यांना नवा आणावा लागला. मी निवृत्त ओव्हरसियर. तीस वर्षं दुसऱ्यांनी बांधलेलं ठोकून, दाबून, हलवून पाहिलं. निवृत्ती मला मिळाली, हातांना कुणी कळवलंच नाही.

यशवंतपूर स्टेशनवर भाची शुभा न्यायला आली होती. कुसुमचं सासर चार पिढ्या बंगळूरचं. घरात मराठीच, पण कानडीच्या चालीवर. "जेवलात की हो मामा?" असं तिथं कुणी विचारलं, की जेवलेल्या माणसालाही पुन्हा पाटावर बसावंसं वाटतं. शुभा पीण्यातल्या एका बालवाडीत शिकवते. अवलक्की (पोहे) खाऊन मी तिची शाळा बघायला निघालो, तेव्हा कुसुमनं दारातून बजावलं की तिथं नुसतं बघायचं.

पीण्या म्हणजे कारखान्यांचं गाव. लेथचा आवाज, तेलाचा वास, पत्र्याच्या फाटकांतून उडणाऱ्या ठिणग्या. एका बाजूला स्प्रिंगा बनवणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, आणि मधल्या बैठ्या घरात ही बालवाडी. कामगारांची तीन ते सहा वर्षांची पंचवीसेक मुलं तिथं येतात. त्यांतल्या पाच-सहा जणांना काही ना काही अपंगत्व आहे, असं शुभानं वाटेत सांगितलं होतं. ती मुलं कुठल्या खोलीत बसतात ते मी शोधू लागलो. तशी खोलीच नव्हती. एका मुलीला काळ्या ताटलीत इडली दिलेली पाहून मला वाटलं, स्टीलच्या ताटल्या कमी पडल्या असतील. तसं मी बोलूनही दाखवलं. शुभा म्हणाली, "तिला अंधुक दिसतं, मामा. काळ्यावर पांढरं तिचं तिला सापडतं." इतकी साधी युक्ती, आणि मी ताटल्या मोजत होतो.

पुढचा पराक्रम पाचच मिनिटांत केला. एक मुलगा शर्टाच्या बटणाशी झटत होता. बोटं वळत नव्हती, जीभ बाहेर आली होती. मी वाकून पटापट चारही बटणं लावून दिली आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो. शुभा आली. तिनं शांतपणे चारही बटणं पुन्हा काढली. मुलानं माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पंधरा दिवस तो त्या एका बटणाच्या मागे होता. इथली रीत अशी, की मदत करण्याआधी मनात दहा आकडे मोजायचे. मी तोवर आयुष्यात कधी तीनच्या पुढं गेलो नव्हतो.

खिडकीखाली चटईवर चार वर्षांची भाग्या पडून होती. तिचं अंग ताठर. बसवलं की मागे कलंडते, हात खांद्यामागे ओढले जातात. बोलत नाही, पण डोळे टपोरे आणि सगळीकडे. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात. त्या दिवशी, शुक्रवारी, दाराशी भाग्याची अज्जी (आजी) बसली होती. तुमकूरच्या पलीकडच्या खेड्यातून ती नातीला न्यायलाच आली होती. तिचं म्हणणं शुभानं मला मराठीत सांगितलं: पोर इथं दिवसभर पडून दुसऱ्यांचे पाय बघते. पडूनच राहायचं तर माझ्याजवळ पडेल. आईला मुलगी सोडवत नव्हती. शेवटी शुभानं अज्जीकडून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. सोमवारी भाग्या इतर मुलांबरोबर बसली नाही, तर दुपारच्या गाडीनं ती गावी जाणार.

बसणार कशी? तर मागच्या अंगणात तिच्यासाठी खुर्ची वाळत होती. शेजारच्या खोकीवाल्याकडचा टाकाऊ पुठ्ठा थरावर थर चिकटवायचा, वरून रद्दीचे कपटे, सगळं मैद्याच्या खळीनं. पाठ भिंतीच्या कोपऱ्यासारखी, म्हणजे खांदे आपोआप पुढे येतात आणि हात मोकळे होतात. समोर छोटा पाट. जमिनीलगत, म्हणजे बाकीच्या मुलांच्या उंचीला. आठवडाभर खपून बालवाडीतल्या बायांनी ती केली होती.

आता ओव्हरसियरला कागदाची खुर्ची दाखवली तर तो काय करील? मी ती ठोकली, दाबली. मग, भार सोसते का हे पाहावं म्हणून, तिच्यात बसलो.

आवाजसुद्धा आला नाही. ओल्या पावासारखी ती माझ्याखाली बसत गेली, आणि मी पाय वर करून अंगणात, मांडीवर खळीचा लगदा. मुलं धावत आली. त्यांना हा कार्यक्रम फार आवडला. शुभा मात्र पांढरी पडली. लगदा गोळा करत म्हणाली, "वाळल्यावर बसला असतात तर काही झालं नसतं, मामा."

अज्जी उठून आली. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शुभाला काहीतरी विचारलं. मी अर्थ विचारला. शुभा म्हणाली, "विचारतात, हे सोमवारी पण येणार काय?"

मी त्या दिवशी जेवलो नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण कुसुमनं बिसी बेळे भात केला होता, आणि तो मी दोनदा घेतला. एका पोरीचं बसणं मात्र माझ्या वजनाखाली गेलं होतं. जेवताना मेहुण्यांना, नारायणरावांना, सगळं सांगितलं. त्यांचं पीण्यातच पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे; लोखंडी सामानाला रंगाची पूड मारून ती मोठ्या भट्टीत भाजतात. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "उद्या दुपारी काम संपलं की भट्टी बंद करतो. हात घालता येईल इतकी निवली की स्वल्प (थोडी) ऊब दिवस मावळेपर्यंत राहते. आत ठेवा तुमची खुर्ची. सरी (ठीक) आहे?"

शनिवारी सकाळी मी खळ शिजवायला बसलो. पहिल्या पातेल्यात गुठळ्या झाल्या, दुसरं लागलं, तिसऱ्याला बाया म्हणाल्या की आता हे खाऊही शकतो. अज्जी भाग्याला मांडीवर घेऊन बघत होती. मी टेपनं भाग्याची मापं घेतली, दोन्ही बाजू काटेकोर सारख्या. अज्जीनं मान हलवली. आपल्या बोटांनी तिनं डाव्या कमरेशी जागा दाखवली: पोर इकडं कलते, इथं चार बोटं जास्त भरा. शुभा थबकली. पहिल्या खुर्चीत ते नव्हतं. आम्ही तिथं पुठ्ठ्याचे थर वाढवले. मग अज्जी स्वतःच कपटे फाडू लागली, तरी नात नेण्याबद्दल मात्र तिनं शब्द मागे घेतला नाही.

दुपारी खुर्ची भट्टीत गेली. रविवारी वरचा कागद चढवला, काही तास ऊन मिळालं, उरलेलं काम नारायणरावांनी पुन्हा थोडी तापवून दिलेल्या भट्टीच्या उबेनं केलं. संध्याकाळी नारायणरावांनी ती वाजवून पाहिली. लाकडासारखी वाजली. त्यांनी खुर्चीत बसण्याचा मला आग्रह केला. मी हात जोडले.

सोमवारी सकाळी मुलं गोल करून बसली. शुभानं भाग्याला खुर्चीत ठेवलं, कमरेला रुंद पट्टा बांधला. भाग्याची मान खाली गेली. मी पुढे सरकलो. शुभानं माझ्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले दोन लोटे दिले. असे लोटे धरून उभा राहिलेला माणूस कुणाला मदत करू शकत नाही, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मी दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. मान हळूहळू वर आली. डोळ्यांसमोर पाय नव्हते, चेहरे होते. ती एकेक चेहरा बघत गेली.

उप्पिट्टाच्या (उपम्याच्या) ताटल्या आल्या. दाराशी अज्जी गाठोडं बांधून बसली होती. भाग्याचा हात पाटावरून सरकू लागला. ताटलीकडे जाईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तो ताटली ओलांडून गेला, शेजारच्या चंदनच्या डोक्यावर पोचला, आणि मुठीत त्याचे केस धरून भाग्यानं खेचले.

चंदननं भोकाड पसरलं. "अक्का, भाग्या मला मारते!" हे कानडी मलाही कळलं.

शुभानं तिची मूठ सोडवली आणि तिला रागावली. इतर कुणालाही रागावली असती तशीच. भाग्या हसत होती.

अज्जी गाठोडं तिथंच टाकून आत आली. मला वाटलं, आता नातीची बाजू घेऊन भांडते. ती चंदनसमोर उकिडवी बसली आणि त्याला म्हणाली, "काय केलं तिनं? परत सांग." त्यानं रडत रडत परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. चार वर्षांत या पोरीची कुणी कागाळी केली नव्हती, असं ती शुभाला म्हणाली. मग बाहेर जाऊन गाठोडं सोडलं आणि त्यातून भाग्याचे कपडे वेगळे काढले.

माझी परतीची गाडी तुमकूरवरूनच जाते. त्याच दुपारी अज्जी एकटीच जनरल डब्यात चढली, तसा मीही आरक्षित जागा सोडून तुमकूरपर्यंत तिच्याशेजारी बसलो. तिला मराठी येत नाही आणि माझी कानडी जेवणापुरती. पण समोरच्या बाईला ती काय सांगतेय ते हातवाऱ्यांवरून कळत होतं. पीण्या सुटलं तेव्हा भाग्यानं एका मुलाचे केस ओढले होते. दोबसपेट येईतो मुलं दोन झाली. तुमकूरचे सिग्नल दिसले तेव्हा चंदनपेक्षा थोराड असं कुणीतरी भाग्याच्या हातून मार खाऊन घरी पळालं होतं.

माझ्याही पोरांच्या कागाळ्या शाळेतून यायच्या. मी मान खाली घालून ऐकायचो आणि घरी येऊन त्यांना बडवायचो. कागाळी यायलाही आधी पोराला चौघांत जागा मिळालेली असावी लागते, हे मला कधी सुचलं नाही.

तुमकूरला अज्जी उतरली. समोरची बाई काळजीनं मला विचारू लागली, बहुधा असं, की इतकी दांडगट पोर शाळेत ठेवतात तरी कशी? मी अभिमानानं मान डोलावली.