धर्माकाकाचं ओलं भात

धर्माकाकाच्या ओल्या भाताची गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकली असणारच. हळदीच्या मांडवात, साखरपुड्यात, एकदा तर दहाव्याच्या जेवणातसुद्धा! कामण ते गोखिवरे, मी ती सांगितली नाही असं घर सापडायचं नाही. डोक्यावर गोणी असल्यासारखा वाकून चालतो, गाल आत ओढून बोळकं करतो, आणि "भात हाय का पेज?" म्हटलं की लोक खुर्चीवरून पडतात. पण त्या गोष्टीतला एक आवाज मी आजवर कुणालाच ऐकवलेला नाही. बायकोलाही नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कामणला एका व्यापाऱ्याच्या गोदामात भात पारखून घ्यायचो. पारखायचं कशाने? दाताने. दाणा दाढेखाली धरून चावायचा. वाळलेला असेल तर कट्‌ वाजतो, ओला असेल तर मुकाट चेपतो. लोक माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे — माझ्यासारख्या नाटक्याला आणखी काय हवं?

त्या वर्षी ऐन कापणीत पाऊस कोसळला. उभं भात आडवं झालं, पाण्यात राहिलं, लोंब्यांना शेतातच मोड आले. एकट्या धर्माकाकाने आभाळ ओळखून आधीच कापलं, वाळवलं, झोडून गोण्या भरल्या. गाव हसलं होतं — म्हाताऱ्याला घाई फार!

तो गोदामात आला त्याच सकाळी शेठचा बाजारातून फोन आला होता. सगळ्याच मुलखात पीक भिजलंय, कोरड्या भाताचा भाव चढणार. बातमी पसरायच्या आत मिळेल ते स्वस्तात उचल. आणि समोर काकाची मूठ. मी दाणा चावला.

कट्‌!

इतका स्वच्छ वाजला, की मी लगेच खोकलो. मोठ्याने, वाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग दाणा थुंकून म्हणालो, "काका, भात हाय का पेज?"

मागे भात घेऊन उभी असलेली रांग खदखदून हसली. त्यांचं स्वतःचं भात खरंच ओलं होतं. काकाचं चावून बघावंसं कुणाला वाटेल?

"पन मी सुकवलाय रे. हाताला कलतंय ना मना."

"तोंडात एक तरी दात ठेवायचास काका, म्हणजे तुलाच कळलं असतं!"

तोही हसला. सगळ्या गोण्या कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने देऊन गेला. दुसऱ्या दिवशी बियाण्याला राखलेलंही आणून ओतलं — "सडका पेरून काय करू?" मी थांबवलं? नाही. तेही मापात घेतलं. आठवड्यात भाव चढला. शेठने पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं — हो, बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी तोच माणूस खळ्यावर भात हातात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "बघ रे, सुकलाय का?" सगळ्यांआधी आभाळ वाचणारा माणूस! मग त्याने शेत दुसऱ्याला कसायला दिलं. "माझा हात गेला," म्हणतो. आणि मी गोष्ट सांगायला लागलो की पुढच्या खुर्चीत बसून सगळ्यांत मोठ्याने तोच हसतो.

येत्या रविवारी त्याच्या नातीची हळद आहे. त्यानेच निरोप धाडलाय, "माझी गोष्ट सांगायला ये."

जाणार आहे. तेच वाकून चालणं, तेच बोळकं — काही कमी करणार नाही. फक्त खिशात मूठभर वाळलेलं भात असेल. खोकल्याची जागा आली की सनईवाल्याला हाताने थांबवीन, काकासमोर जाऊन उभा राहीन आणि एक दाणा दाढेखाली धरीन.

या वेळी खोकणार नाही.