अंटार्क्टिकाचे पेढे

अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी माझी निवड झाली, तेव्हा बाबांनी नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीत घरोघरी पेढे वाटले. पुढे दम्यामुळे मी वैद्यकीय तपासणीत नापास झाले. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लाजेपोटी मीही नाही. तेव्हा मी पुण्याला राहून एका संशोधन संस्थेत काम करत होते. शेजाऱ्यांना वाटलं, मी बर्फात आहे.

मोहिमेवर गेलेले सहकारी परत आले ते ध्वनिफिती घेऊन. निसर्गातच उमटणाऱ्या रेडिओलहरी त्यांनी तिथं अँटेनावर पकडल्या होत्या. त्या ऐकून नोंदी करायचं काम माझ्याकडे आलं.

त्या वर्षी इमारतीच्या सत्यनारायणाला माझं भाषण ठेवलं. "आमची मुलगी अंटार्क्टिकाला जाऊन आली," अशी बाबांनी ओळख करून दिली. मी मान खाली घालून बोलायला लागले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन अडकून असतात. या लहरी त्यांना ढकलतात, ते ध्रुवाजवळच्या हवेवर आदळतात आणि आकाशात लुकलुकता प्रकाश दिसतो. निदान आम्हाला तसं वाटतं, अजून पक्कं नाही, असं मी सांगितलं आणि टेप लावली. पहाटे झाडावर पाखरांनी गलका करावा तसा आवाज आला. लोकांना गंमत वाटली.

तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तू तो उजेड पाहिलास, तेव्हा हाच आवाज येत होता का गं?"

"काकू, मी तिथं गेलेच नाही. मला दमा आहे, म्हणून नेलं नाही."

या लहरी नुसत्या कानांना ऐकू येत नाहीत, यंत्रानं त्यांचा आवाज करावा लागतो, असं मी घाईघाईनं सांगत सुटले. पण सगळे बाबांकडे बघत होते. ते चष्मा पुसत बसले होते.

घरी ते जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी मला म्हणायचंस. मीच सांगितलं असतं."

सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली गेले आणि एकेका दाराची बेल वाजवू लागले. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं.

"मुलगी गेली नव्हती. मी खोटं बोललो. तिचं काम मात्र खरं आहे."

प्रत्येक दारात तेच. आई मला म्हणाली, "जा ना त्यांच्याबरोबर."

मी बादली उचलली आणि मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले.