सगळ्यांची एकच बातमी

आमच्या दैनिकाच्या वणी कार्यालयाचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं पुढे आली. एक वणीच्या भाऊंचं, दुसरं माझं. भाऊ म्हणजे आमचे वणीचे जुने वार्ताहर, मी मारेगावची. संपादकांनी फोनवर दोघांनाही सांगितलं, यवतमाळला पत्रकारांसाठी नेतृत्व विकासाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, जाऊन या, तिथल्या मॅडम काय शेरा देतात ते पाहून ठरवू.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच लाजत नाही, हवी होती म्हणजे हवीच होती. इतकी वर्षं मी बातम्या देते, पण पेपरात माझं नाव कधी आलं नाही. ‘प्रतिनिधी, मारेगाव’ एवढंच येतं. नाव आलं ते एकदाच, दिवाळी अंकातल्या एका जाहिरातीत, शुभेच्छुकांच्या रांगेत, आणि ती जाहिरात मीच मिळवून दिली होती. कार्यालय प्रमुखाचं मात्र नाव छापतात. माझ्या सासूबाईंना तर अजून वाटतं की मी पेपर वाटते.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तालुक्यात कार्यक्रम झाला, समजा कापूस खरेदी केंद्राचं उद्घाटन झालं, की सगळ्या पेपरांचे वार्ताहर तिथे असतात. कार्यक्रम संपला, समोसे झाले, की कोणीतरी विचारतं, ‘कोण टाकते?’ म्हणजे बातमी कोण लिहून ग्रुपवर टाकणार. एकानं टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, वर आपापल्या पेपरचं नाव लावून पाठवून द्यायची. त्याला आम्ही कॉमन म्हणतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. गाव एक, कार्यक्रम एक, मग बातम्या दहा कशाला? आमच्या भागात ती टाकणारी मी. मोबाइलवर माझा अंगठा असा चालतो की पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत त्यांची बातमी तयार असते. कधीकधी त्यांनी पुढे काय बोलावं हेही मी आधीच लिहून ठेवते, आणि ते तेच बोलतात.

भाऊंचं आणखी वेगळं. त्यांना वणीतली खडानखडा माहिती, कोळशाच्या ट्रकवाल्यांपासून खाणीतल्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना चहा पाजणार. पण लिहायला बसले की हात थांबतो. मग रोज संध्याकाळी मला फोन. ते माहिती सांगतात, मी वाक्यं सांगते, ते एका बोटानं टाइप करतात. वाक्य झालं की म्हणतात, “हं, बोल.” मी पुढचं बोलते. मला पहिल्या पत्रकार परिषदेला शेजारी बसवून घेणारे, ‘हे आमच्या पेपरची हाय’ असं सगळ्यांना सांगणारे तेच, त्यामुळे मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही.

तर आम्ही दोघं एकाच बसनं निघालो. वणीहून भाऊ बसून आले, मारेगावला मी चढले, त्यांनी माझ्यासाठी खिडकीवर रुमाल टाकून ठेवला होता. करंजीपर्यंत दोघंही खुर्चीचा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो. करंजीच्या पुढे भाऊ म्हणाले, “पोरी, तिथं इंग्रजीत विचारतीन काय व?”

“विचारू द्या नं. आपण मराठीत हसू.”

मग आम्ही हसतच सुटलो. कंडक्टरनं दोनदा मागे वळून पाहिलं. खरं सांगायचं तर दोघांनाही भीती वाटत होती, आणि ती हसण्यातून बाहेर पडत होती.

यवतमाळला एका हॉटेलच्या सभागृहात जिल्हाभरचे आम्ही तालुका वार्ताहर जमलो. सवयीनं सगळे पहिल्या रांगेत बसले आणि दीपप्रज्वलनाची वाट पाहू लागले. दीप नव्हता. सत्कार नव्हता. पुण्याहून आलेल्या मॅडम सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “गोल करून बसूया.” राळेगावचा एकजण माझ्या कानात म्हणाला, “ताई, फोटो कोणाचा काढाचा मंग?”

पहिला दिवस खेळांत गेला. रद्दी पेपरांचे मनोरे बांधले, एकमेकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून चाललो. भाऊ डोळ्यांना पट्टी बांधून थेट जेवणाच्या दालनात पोचले, आणि मॅडमनी ‘अंतर्ज्ञान’ असा शेरा दिला. मी मनात म्हटलं, झालं, एक गुण भाऊंना गेला.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. मॅडम स्वतः अधिकारी झाल्या आणि एका काल्पनिक गावाच्या नळयोजनेची पत्रकार परिषद घेतली. आम्ही प्रश्न विचारले. मग त्या म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकानं स्वतंत्र बातमी लिहून मला ईमेल करा, तुमचं मूल्यमापन यावरच होईल. ‘स्वतंत्र’ हा शब्द त्या दोनदा बोलल्या.

मी वरणभात एका हातानं कालवत दुसऱ्या हातानं बातमी लिहिली. झक्क झाली. तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला, “ताई, जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकली का?”

ही परीक्षा आहे हे माझ्या डोक्याला माहीत होतं. अंगठ्याला कोणी सांगितलं नव्हतं. टाकली.

जेवणानंतर मॅडमनी पडद्यावर पहिली बातमी लावली. सुरुवात छान आहे म्हणाल्या. दुसरी लावली. त्यांनी चष्मा पुसला. तिसरी लावली. चौथ्यापासून त्या नुसतंच बटण दाबत गेल्या, आणि पडद्यावर काहीच बदलत नव्हतं. महागावच्या एकानं तेवढं शीर्षक ठळक केलं होतं. आम्ही सगळे सतरंजीची नक्षी पाहत होतो.

“शेवटची ओळ वाचते,” मॅडम म्हणाल्या. “‘आभार तलाठ्यांनी मानले. यावेळी नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते.’” त्यांनी सभागृहात डावीकडून उजवीकडे पाहिलं. “तलाठी कुठे आहेत?”

तलाठी नव्हते. नागरिकही नव्हते. पण आमच्याकडे आभार मानल्याशिवाय बातमी संपतच नाही, मी तरी काय करणार? कोणीतरी खोकण्याचं निमित्त केलं, आणि तो खोकला हळूहळू हसण्यात गेला. मीही पदर तोंडात कोंबला.

“ही मुळात लिहिली कोणी?” मॅडमनी विचारलं. त्या हसत नव्हत्या.

मी सांगितलं तर बाकीचे उघडे पडतात, नाही सांगितलं तर खुर्ची जाते. मी हात वर करायचं ठरवलं, तेवढ्यात भाऊ उठले.

“म्या लिवली.”

माझे कान तापले. भाऊंसाठी मी काहीही केलं असतं, पण हे? माझ्या समोर, माझीच बातमी? मला इतका राग आला की मी पुन्हा नक्षीच पाहायला लागले, कारण वर पाहिलं असतं तर मी काय बोलले असते कोणास ठाऊक.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “मग पुढची बातमी इथे फळ्यावर लिहा. संध्याकाळी त्याच गावानं योजनेला विरोध केला. लिहा.”

भाऊंनी मार्कर घेतला. फळ्यावर सवयीनं ‘वणी’ लिहिलं. पुढे स्वल्पविराम दिला. मग थांबले. भाऊंनी मार्करचं टोक फळ्यावर टेकवलं, मान जराशी कलती केली, जशी फोन कानाशी धरताना करत असावेत, आणि मागे न बघता म्हणाले,

“हं, बोल.”

आणि मी बोलले. राग होता तसाच होता, पण तोंड आपोआप उघडलं. “गावासाठी आखलेली योजना गावाला आज पहिल्यांदाच कळली.”

भाऊंनी लिहिलं. “हं.”

“ती कळताच ग्रामस्थ ग्रामपंचायतीसमोर जमले.”

“जमले. हं.”

तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं की मी उभी राहिले आहे. मागे वळून पाहिलं तर जिल्ह्याचे सगळे वार्ताहर मोबाइल काढून भराभर उतरवून घेत होते. मॅडमसुद्धा. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला, त्यांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, त्या सगळ्या वाकलेल्या माना पाहिल्या, आणि त्यांनी आपला चेहरा दोन्ही हातांत झाकला. मग सभागृह फुटलंच. राळेगावचा तो पठ्ठ्या सतरंजीवर आडवा झाला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. फक्त भाऊ फळ्याकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांची पाठ तेवढी हसत नव्हती.

हसणं ओसरलं तेव्हा मॅडमनी हळूच विचारलं, “वर नाव कोणाचं घालायचं?”

भाऊंनी ‘वणी’च्या वर माझं नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं, मग ते खोडून नवऱ्याचं लिहिलं, मग तेही खोडलं आणि नुसतं माझं नाव आणि आडनाव ठेवलं. मार्कर जागेवर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

मी मागोमाग गेले. हॉटेलच्या पायऱ्यांवर बसले होते. मी म्हटलं, “काहून केलं भाऊ असं?”

“मले खुर्ची पाहिजे होती, पोरी.” ते माझ्याकडे पाहतच नव्हते. “एवढी वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीसमोर उभा राह्यलो. मले वाटलं, एक डाव आपण बसून पाहावं.”

“तं मले सांगाचं नं. म्या नावच मागं घेतलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगतलं.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. रागही होता आणि रडूही येत होतं, आणि आत अजून ते लोक हसत होते म्हणून मध्येच हसूही. असं सगळं एकदम झालं की माणूस वेड्यासारखा दिसतो. वेटर दोन चहा ठेवून गेला, न मागता.

पुढच्या आठवड्यात संपादकांचा फोन आला. मॅडमनी शेऱ्यात काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतेच हसत राहिले. कार्यालय माझं झालं. मी मारेगावच्या चौकात स्कूटी थांबवून ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं, अनोळखी दोघांनाही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आता पेपर वाटाले माणसं ठेवशीन?”

पहिल्याच दिवशी वणीला कोळशाच्या धुळीवरून बायांनी ट्रक अडवले. मी कार्यालयातून भाऊंना पाठवलं. पाठवताना दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, पण गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. सगळी माहिती सांगितली, किती ट्रक, कोणत्या बाया, ठाणेदार काय म्हणाले. आणि मग थांबले.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चांगलं होतं, अगदी छापण्यासारखं. मी ते गिळलं.

“तुम्ही सांगा, भाऊ,” मी म्हटलं. “मी लिहून घेते.”

पलीकडे नुसता ट्रकांचा आवाज. मग त्यांनी घसा साफ केला आणि अंगणात वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे होऊन घरात येतात, असं काहीसं म्हणाले. पुन्हा म्हणाले, या वेळी नीट, सावकाश, पूर्ण. मी लिहून घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी ते तसंच पाठवलं, वर त्यांचं नाव घालून.