बंद खिडकीतली धुरी

आम्ही गावातून निघालो त्या दिवशी टेंपोत सगळ्यात शेवटी माझ्या आईने शेगडी चढवली. गाद्या, सिलिंडर, माझ्या मुलीची, पूर्वाची, तीनचाकी सायकल, माझ्या पुस्तकांचं खोकं आणि या सगळ्याच्या वर ती काळी लोखंडी शेगडी. माझा नवरा संदीप म्हणाला, “आई, तिकडं गॅस आहे.”

“गॅसवर पोराला धुरी देशील काय?”

“पोर कुठाय? पूर्वा दोन वर्षांची झाली.”

“दुसरा होईल ना! का तिकडं त्यालाही बंदी हाय?”

सगळे हसले. मीही हसले. रडायला पनवेलला पोचल्यावर आलं, तेही मोकळ्या कपाटात कपडे लावताना, कुणी बघत नसताना.

उरणकडचं आमचं गाव खाडीकाठी आहे. तिथून पनवेल एसटीने फार तर तासाभराचं. याला स्थलांतर म्हणावं की नाही, मला अजून नीट कळत नाही. गावातली मुलं बोटीवर जातात, आखातात जातात, त्यांच्यापुढे हे लिहिताना थोडं संकोचल्यासारखं होतं. पण तुमच्यापैकी ज्या लग्नानंतर अशाच जवळच्या शहरात गेल्या, त्यांना कदाचित पटेल. अंतर कमी असलं की परत जाता येईल असं वाटत राहतं, आणि त्या वाटण्यात वर्षं जातात.

संदीपला पळस्प्याजवळच्या कंटेनर यार्डात शिफ्टची नोकरी होती. मला कॉलेज करायचं होतं. बारावी झाल्या झाल्या लग्न झालं होतं, आणि पुढं शिकायची इच्छा मनातून गेली नव्हती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आई एवढंच म्हणायची, “माझा अंगठा, तुझी सही.” मी एफवाय केलं, एसवाय केलं. मग विहान झाला. तीन महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांची मुलगी घरात सोडून टीवायच्या लेक्चरला कसं जाणार? मी सोडून द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा आई आली.

ती काय सोडून आली, ते सांगायला हवं. मासळीबाजारात तिची बसायची जागा होती, आजीपासून चालत आलेली. ती जागा तिने मामीला देऊन टाकली. बाजारातली जागा एकदा दिली की परत मागता येत नाही. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी तिला थांबवलं नाही.

ते तीन-चार महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले होते असं आता वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं, नुसती धावपळ वाटायची. पूर्वाचा एक बूट सापडायचा नाही, डब्यात पोळी दिली की तिला नूडल्स हवे असायचे, खाली व्हॅनचा हॉर्न वाजत असायचा. आईला लिफ्टची भीती वाटायची. पूर्वा तिचा हात धरून बटण दाबायची आणि टीचरच्या आवाजात सांगायची, “आजी, डोळे मिटू नको. काही होत नाही.” मी दारात चपला घालत असले की आतून आईचा टोमणा यायचा, “एवढी पुस्तकं वाचतेस, पोराला उचकी का लागते ता नाय लिवलं त्यात?”

बाळाची आंघोळ तिची. मोरीत पाय पसरून बसायची, विहानला पिंडऱ्यांवर आडवा घ्यायची, तेल, कोमट पाणी, मग दुपट्यात गुंडाळून धुरी. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं. गावात आम्ही सगळी भावंडं त्याच धुरावर वाढलो. पण गावच्या घराला कौलं आहेत. धूर वर जातो आणि कौलांमधून निघून जातो, कुणाला काही करावं लागत नाही. फ्लॅटला वर स्लॅब असतो. इतकी साधी गोष्ट. कॉलेजात शिकणाऱ्या मला ती सुचली नाही.

समोरच्या काकूंनी एक दिवस बेल वाजवली. बाई चांगल्या आहेत, हे आधीच सांगते. “प्लीज राग मानू नका हं, पण धूर आमच्या बेडरूममध्ये येतो. ग्रुपवर टाकण्यापेक्षा म्हटलं तुमच्याशीच बोलावं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच आमच्या घरातल्या सुकटीच्या वासाने लिफ्टमध्ये लोक नाकाला रुमाल लावतात असं मला सारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना मी हॉलच्या दोन्ही खिडक्या सरकवून लावल्या आणि दाराच्या फटीला जुना टॉवेल लावायला आईला सांगितलं.

“कोंडंल गं,” आई म्हणाली.

“दहा मिनिटांचं तर काम. लोकांना त्रास नको.”

पूर्वाला त्या दिवशी सुट्टी होती. ती सोफ्यावर बसून चित्रात रंग भरत होती.

लेक्चर संपल्यावर फोन बघितला तर काकूंचे सात मिस्ड कॉल. विहानला श्वास लागला होता. काकूंनीच रिक्षा करून आईला आणि मुलांना हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचले तेव्हा त्याच्या एवढ्याशा तोंडावर मास्क होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. संदीप यार्डातून तसाच आला होता, हेल्मेट हातात. डॉक्टर आईला बोलत होते. “आजी, एवढ्याशा बाळाला धूर देतात का? तेही खिडक्या बंद करून?” संदीपही बोलला, नको ते बोलला. आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

तेवढ्यात पूर्वा म्हणाली, “खिडकी मम्मीने लावली.”

आईने पटकन तिला जवळ ओढलं. “गप गं बाय, मोठी मानसं बोलतान ना.”

मी तिथेच उभी होते. दोन शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही.

विहान दोन दिवसांत बरा झाला. तो घरी आला आणि आई गेली. संदीपने तिला थांब म्हटलं नाही, मीही नाही. एसटीत चढताना तिने एवढंच सांगितलं, “परीक्षा दे.”

मी परीक्षा दिली नाही. पाळणाघर इतक्या लहान बाळाला घेत नाही, आणि संदीपच्या शिफ्ट रोज बदलतात. फॉर्म भरायची तारीख गेली तेव्हा मी विहानला पेज भरवत होते. वर्गातल्या मुलींचे मेसेज येत होते, मग तेही थांबले. पुढच्या वर्षी बसता येईल, असं संदीप म्हणतो. पुढच्या वर्षी घरी कोण असेल, ते तो सांगत नाही.

मागच्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन मी गावाला गेले. आई पडवीत बसली होती. बाजाराच्या वेळेला तिला घरी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विहान आता रांगतो. तो सरळ तिच्याकडे गेला आणि तिच्या गुडघ्याला धरून उभा राहायला लागला. तिने हात पुढे केले, मधेच थांबवले आणि माझ्याकडे बघून विचारलं, “घेव का?”

तेव्हा मी बोलले. खिडकी मी लावली, तू नको म्हणत होतीस, डॉक्टरांसमोर मी गप्प बसले, संदीपलाही अजून सांगितलं नाही. सगळं एका दमात.

“मना ठाव हाय गं,” आई म्हणाली. “मी तिथंच होते ना.”

“मग चल ना परत. मी सांगते संदीपला.”

तिने आपले तळहात बघितले. “सांग, नको सांगू. आता माझाच हात भितो. पोराला पाणी घालायला बसले ना, तर त्याचा तो मास्कच दिसंल मना.”

मग तिने त्याला घेतलं, पण लोकांचं पोर घेतात तसं, अंगापासून जरा लांब धरून.

घर म्हणजे काय, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी गावाचं नाव सांगितलं असतं. आता वाटतं, जिथे आपलं माणूस आपलं मूल न विचारता उचलून घेतं, ते घर. पनवेलला उचलून घेणारं कुणी नाही. आणि गावाला आहे, ती विचारते.